न तापवलेलं कार्ड

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी साडेबाराला बाहुबली मगदूम यांचा फोन आला, तेव्हा त्यांची मुलगी त्रिशला पुण्याबाहेरच्या एका डेटा सेंटरमध्ये थंड पाण्याच्या नळ्यांचं तापमान तपासत उभी होती. हजारो चिपा दिवसरात्र गणितं करत तापायच्या आणि त्यांना ताप येऊ न देणं हे तिचं काम होतं. तिचे वडील, म्हणजे इचलकरंजीतले सगळ्यांचे अण्णा, त्या जागेला गोदाम म्हणत.

"काय करतीस?"

"ड्यूटीवर आहे. बोला."

"हत्यारं पुजली आत्ता. झेंडू महाग झालाय, पण घातले हार."

"गरम हवेच्या मशीनलाही?"

"तिला आधी. तिच्यावर तर घर चाललंय." मग जरा थांबून, "उद्या येतीस काय? दसरा आहे. एक दाखवायचंय तुला."

"फोनवर दाखवा की."

"फोनवर दाखवायची वस्तू न्हाई ती."

त्रिशलानं एका नळीवर हात ठेवून बघितला. सवय होती, यंत्रावर आकडा दिसत असला तरी.

"सुट्टी नाही, अण्णा. दोन नवी दालनं सुरू होतायत."

"म्हणजे आणखी चिपा तिकडंच. काल त्या मुंबईच्या दुकानदाराला भाव विचारला, तर तो म्हणतो, काका, घरगुती गेमिंग कार्ड आता लग्नातच बघायला मिळतं. सासरा देतो जावयाला." ते हसले, पण पुरतं नाही. "माणसानं खेळायसाठी केलेली वस्तू आणि खेळणारा माणूसच रांगेत शेवटी."

"ही माझ्या नोकरीवर टीका आहे काय?"

"तुझ्या न्हाई. गोदामावर." आणि मग, "अगं, दहा मिनिटं खेळू. जास्त न्हाई."

"तुमच्या त्या कार्डावर? आधी ते नीट करा. गावाची कार्डं जिवंत करून देता आणि स्वतःचं अकरा मिनिटांत मान टाकतं."

"आता नऊवर आलंय."

"मग?"

"मग काय, पुरतात मला. येतीस काय सांग."

"दिवाळीत येते. नक्की."

"बरं. दिवाळी काय लांब आहे." नेहमीसारखंच ते म्हणाले, "ठेवतो. तुझ्या चिपा थंड ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेतली हत्यारं उठवायला म्हणून ते दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि स्टुलावर बसल्या बसल्या गेले. कुलूप उघडं, दार अर्धं ढकललेलं. नऊ वाजता शमशाद मुल्ला आली तेव्हा पंखा चालू होता. शमशाद अण्णांच्या शेजारच्या टेबलावर सतरा वर्षं काम करणारी बाई. यंत्रमागांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करण्यापासून दोघांनी सुरुवात केलेली. तिनंच फोन केला. "त्रिशला, गाडी काढ," एवढंच म्हणाली.

*

त्रिशला नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. त्यानंतर घरात दोन माणसं आणि फार शांतता उरली. अण्णांना गोष्टी सांगता येत नसत, केस विंचरता येत नसत. दोन वर्षं त्यांनी तसंच रेटलं आणि मग एका दसऱ्याला दोन गेमिंग कार्डं घरी आणली. तेव्हा कार्ड म्हणजे सणाच्या खरेदीत बसणारी गोष्ट होती. कॉम्प्युटरच्या दोन जुन्या डब्यांत ती बसवून त्यांनी खोलीत समोरासमोर दोन टेबलं मांडली. आपलं कोणतं ते कळावं म्हणून त्रिशलानं तिच्या कार्डाच्या पट्टीवर नेलपॉलिशचा जांभळा ठिपका दिला.

खेळाचं नाव होतं 'सुळका'. दोन गिर्यारोहक, दोघांच्या कमरेला एकच दोरी. एक पुढं चढतो, दुसरा खाली दोरी धरून राहतो, मग तो वर येतो. पडला तर दोघंही पडतात. जैन घरातलं जेवण सूर्यास्ताच्या आत उरकायचं. ते झालं की अंधार पडेपर्यंत बापलेक सुळके चढत. ती पुढं, तो मागं. खरं बोलणं जे काही व्हायचं ते त्या काळात, पडद्याकडे बघत.

त्या पिढीच्या कार्डांत एक नवी गोष्ट होती, आणि अण्णांनी ती तिला स्वयंपाकघरात समजावली होती. गुळाचा पाक करून त्यांनी अर्धा गार ताटलीत ओतला, अर्धा पातेल्यातच ठेवला.

"हा पटकन निवला. बघ, काचेसारखा झाला. आणि हा सावकाश निवतोय, याला साखर धरणार. पाक एकच, पण रूपं दोन. तसं या चिपेत एक मिश्रण आहे. त्याचे बारीक ठिपके आहेत, कोट्यवधी. झटका देऊन निववला तर ठिपका काचेसारखा होतो, वीज अडवतो. हळू तापवला तर साखर धरतो, वीज सोडतो. थोडी धरली, जास्त धरली, असं मधलं काहीबी करता येतं. चिप शिकती ते असं. आठवण वेगळ्या कपाटात ठेवत न्हाई, तिच्या अंगातच मुरती."

"काय शिकते?"

"माझी चिप तुला शिकतीया. तुझी मला."

खेळ बनवणाऱ्यांनी ती सोय ठेवली होती. तुमच्या कार्डात तुमच्या जोडीदाराची चाल मुरत जायची. तो कुठं घाई करतो, कुठं अडखळतो, कुठं थांबतो. एखाद्या दिवशी तो नसला तर त्याची सावली तुमच्याबरोबर चढायची. ही सावली दुसरीकडं उतरवून घेता येत नसे. प्रत्येक चिपेचे ठिपके जन्मतःच थोडे वाकडेतिकडे, आणि शिकणं त्या वाकडेपणाला धरूनच झालेलं. दुसऱ्या चिपेत घातलं की नुसता कचरा. आणि चिप मुळापासून तापली, तर सगळ्या ठिपक्यांना एकदम साखर धरे. सगळं पुसलं जाई.

त्रिशला बारावीत गेली त्या वर्षी जगभरच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलायला सुरुवात केली. आधी नवी कार्डं महागली, मग जुनी, मग मोडकी. कंपन्यांनी घरगुती कार्डं करणंच सोडलं. खेळायचं असेल तर तासावर भाड्यानं घ्या म्हणाल्या. भाड्याच्या खेळात सावली नव्हती, तास संपला की सगळं कोरं.

पुण्याला शिकायला जाताना त्रिशलानं तिचं कार्ड सोबत नेलं. "आता फोनवरून खेळू, तू तिथनं, मी हितनं," अण्णा म्हणाले होते. चौथ्या महिन्यात तिनं ते एका दलालाला दिलं आणि बदल्यात एक फोन घेतला, खोलीतल्या बाकी तिघींकडे होता तसा. गरज नव्हती, नुसती हौस होती. घरी सांगितलं, कार्ड जळालं, वास आला, फेकून दिलं.

 पलीकडून अण्णांनी विचारलं, "हात भाजला न्हाई ना?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणाले आणि मेसच्या जेवणाची चौकशी केली.

चौदा वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही. दुसरं कार्ड घेऊ म्हणत राहिले. दर दसऱ्याला जमवलेलं पुरेल असं वाटायचं आणि दर दसऱ्याला भाव पुढं निघून गेलेला असायचा. फोनमध्ये त्यांनी रोजचा भाव सांगणारी सूचना लावून ठेवली होती. संध्याकाळी पाच वाजता एक यांत्रिक बाई तो वाचून दाखवायची. लोक सोन्याचा भाव ऐकतात तसे ते ऐकायचे, नाक फुगवून. "उद्या हवेचा भाव लावतील," म्हणायचे. त्रिशलाला त्या चिडीची गंमत वाटायची. साठी उलटलेला माणूस, खेळण्यासाठी एवढा काय रुसतो.

*

चौथ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली. अण्णांचा फोन तिच्या पर्समध्ये होता, तिनं तो बंद केला नव्हता.

पाटावरची पूजा तशीच होती. चिमटे, भिंग, शिसं शोषून घेणारी पिचकारी, गरम हवेची मशीन, सगळ्यांवर सुकलेले झेंडू आणि कुंकू. शमशादनं काहीच उचललं नव्हतं. तिचं स्वतःचं टेबलही बंद होतं.

"हत्यारं उठवायची म्हणजे त्यांच्या घरचं कुणीतरी पाहिजे," ती म्हणाली. "मी वाट बघत होते. गिऱ्हाइकं बोंबलतायत, बोंबलू देत."

त्रिशला खाली बसली. एकेक हत्यार कपाळाला लावून टेबलावर ठेवू लागली. पाटाच्या मागच्या बाजूला तांबड्या कापडावर दोन कार्डं होती. एक अण्णांचं, कडेनं काळपट झालेलं. दुसरं पुसून लख्ख केलेलं, आणि त्याच्या पट्टीवर जांभळा ठिपका.

तिनं नखानं तो खरवडून बघितला. मग हात मागे घेतला.

"हे कुठनं आलं, आपा?"

 शमशाद स्टूल ओढून समोर बसली.

"आत्ता आलं म्हणशील तर महिन्यामागं. पयल्यांदा आलं होतं चौदा वर्षांपूर्वी. सांगलीच्या एका गेमिंगवाल्यानं दुरुस्तीला धाडलेलं. त्यानं पुण्याहून घेतलेलं. दिवसरात्र चालवून चिपेखालचं शिसं तडकलं होतं. अण्णांनी खोकं उघडलं आणि हे बघत बसले." तिनं ठिपक्याकडे बोट केलं. "मला म्हणाले, शमशाद, हे जळालेलं न्हाई."

त्रिशलानं हातातला चिमटा टेबलावर ठेवला.

"तडा भरायचा म्हणजे चिप उतरवायची, खालचे शिशाचे मणी नवे घालायचे, अडीचशे डिग्रीला परत बसवायची. आत जे असंल ते जाणारच. मी म्हटलं, यात तुम्हीच आहात की. परत पाठवा, म्हणावं होत न्हाई. तर म्हणाले, होतंय ते होत न्हाई कसं सांगायचं? गिऱ्हाइकाची वस्तू आहे, आपली न्हाई. स्वतःच्या हातानं तापवलं. मला मशीनला हात लावू दिला न्हाई त्या दिवशी."

"माझ्याशी कधी बोलले नाहीत."

"मी विचारलं होतं, पोरीला जाब विचारणार न्हाई काय. म्हणाले, सतरा वर्षांची आहे, खोटं बोलली तर लाजून बोलली असंल. लाज आहे ते बरं आहे."

बाहेर कुठल्यातरी कारखान्याचे माग चालू झाले, नेहमीचा खडखडाट. शमशादनं डोळे पुसले नाहीत, नाक मात्र जोरात शिंकरलं.

"ते सांगलीवालं दुकान या उन्हाळ्यात बंद पडलं. त्याच्याकडं चाळीस मेलेली कार्डं होती. अण्णा म्हणाले, तुझी चाळीस उठवून देतो, त्यातलं एक मला दे. सहा महिने बसले, त्रिशला. डोळ्यांत पाणी यायचं, दम लागायचा. डॉक्टरानं शिशाचा धूर बंद करा म्हणून सांगितलेलं."

"कशासाठी पण? दुसरं कार्ड आलं तरी मी..."

"तू समोर बसून खेळल्याशिवाय तुझ्या कार्डात ते मुरणार कसे? तेच म्हणायचे. धा-बारा दिवस आली तर पुरे, पोरीजवळ माझी चाल राहील. छाती दाखवून दवाखान्यातनं आले त्या दिवशीपास्नं हेच डोक्यात."

पर्समधून यांत्रिक बाई बोलली. पाच वाजले होते. आजचा भाव कालच्याहून वर गेला होता. दोघी तो शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

मग शमशादनं अण्णांचं कार्ड उचलून उजेडाकडे धरलं. "आता याचं ऐक. याच्याबी शिशाला तडा आहे. थंड असताना जोड टेकलेला असतो. चालू केलं की चिप तापती, फुगती, जोड सुटतो, पडदा बंद. दर वेळी तडा थोडा वाढतो. आधी तासभर चालायचं, मग चाळीस मिनिटं, मग अकरा. अण्णांनी यावर कधी गरम हवा धरली न्हाई. का, ते तुला सांगायला नको."

"यात मी आहे."

"तू आहेस. अकरा ते सतरा. रोज जेवण झाल्यावर बसायचे तुझ्याबरोबर."

त्रिशलाला वाटत होतं, हे कार्ड आळसापायी पडून आहे. चार दिवसांपूर्वीच ती त्यावर हसली होती.

"तापवून दिलं तर वीस वर्षं चालंल," शमशाद म्हणाली. "आत कुणी नसंल. कपाटात घालून ठेवलंस तर आहे तसं राहील, पण नुसतं राहील. आणि चालवलंस तर आणखी एकदा चालंल बहुतेक. पुढचं सांगत न्हाई."

"तुम्ही काय कराल?"

"माझा बाप खेळायचा न्हाई गं," शमशाद म्हणाली. "मला काय विचारतीस."

*

घरी दोन्ही टेबलं अजून समोरासमोर होती. तिच्या बाजूच्या डब्यावर इस्त्रीचे कपडे, अण्णांच्या बाजूला पाण्याचा तांब्या. सूर्य मावळायला पाऊण तास होता. शेजारच्या काकूनं जेवणाचा डबा पाठवला होता, त्यातली भाकरी तिनं उभ्यानं खाल्ली, वेळ पाळायची म्हणून.

आधी तिनं ठिपक्याचं कार्ड तिच्या डब्यात बसवलं. आतलं पुसलं गेलंय हे माहीत होतं. थंड ठेवण्याचं आणि तापण्याचं गणित तिच्याइतकं कुणाला कळणार? तरी बसवलं. सुळक्याच्या पायथ्याशी एक आकृती उभी राहिली, हात लोंबते ठेवून. खाली ओळ आली: नवा सोबती. याला अजून काही येत नाही.

तिनं दोरी ओढली. आकृती हलली नाही. एवढ्या मोठ्या मेहनतीनं परत आणलेली जागा, झाडूनपुसून ठेवलेली, आणि राहायला यायचा माणूस गेलेला. दहा-बारा दिवस. ती म्हणाली होती दिवाळीत.

तो डबा बंद करून ती समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. अण्णांच्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. उशी डावीकडे दबलेली होती. त्यांचं कार्ड कपाटात घालून ठेवायचा विचार तिच्या मनात दिवसभर होता. पण ज्या माणसाला जोड सुटतोय हे सगळ्यांत चांगलं कळत होतं, तोच तर रोज संध्याकाळी बसून थोडं थोडं खर्च करत आला होता. तिनं अण्णांचं कार्ड त्यांच्या डब्यात बसवलं आणि बटण दाबलं.

पायथ्याशी दोघं. अण्णांची आकृती तिच्या हातात होती. दुसरी, दोन वेण्यांची, क्षणभरही न थांबता कड्याला भिडली.

त्रिशलाला स्वतःचं ते चढणं चांगलं आठवत होतं. घाई, मागच्याची पर्वा नाही, अण्णा खालून "थांब गं, आलो" म्हणतायत आणि ती पुढं. गेल्या चार दिवसांत तिनं स्वतःबद्दल ज्या गोष्टी आठवून काढल्या होत्या, त्यांत हीही होती. मुलगी तशीच सुटली. एक खाच, दुसरी, बाजूच्या कपारीत उडी. दोरी ताणत गेली.

पहिल्या कपारीवर पोचल्यावर ती बसली. पाय खाली सोडले. आणि मान वळवून तिनं खाली बघितलं.

मग दोरीला दोन हिसके दिले.

त्रिशलाचे हात थांबले. दोन हिसके म्हणजे ये. एक हिसका म्हणजे आलो. ही खूण त्यांनी दोघांनी ठरवली होती आणि ती पार विसरून गेली होती. चिपेला खोटं कौतुक करता येत नाही. सहा वर्षं समोर जे घडलं तेवढंच तिच्यात मुरलेलं असतं. म्हणजे लहानपणी ती खरंच बसत होती. दर कपारीवर बसत होती, मागं वळून बघत होती.

तिनं एक हिसका दिला आणि चढायला लागली. भरभर, तिच्या पद्धतीनं. वरची मुलगी उठून उभी राहिली. दोन पावलं खाली आली, थबकली. दोरीच्या या टोकाला कोण आहे ते तिला कळेना.

अण्णा कसे चढायचे? त्रिशलानं डोळे मिटून आठवलं. प्रत्येक खाच आधी हातानं चाचपायची, पाय ठेवायचा, उचलायचा, परत ठेवायचा. मग वजन. तिला त्याचा किती कंटाळा यायचा. आता तिनं तसंच केलं. चाचपलं, ठेवला, उचलला, ठेवला. तिसऱ्या खाचेपर्यंत मुलगी परत खाली बसली आणि पाय हलवायला लागली.

दुसरी कपार. बसली, वळली, दोन हिसके. तिसरी. घड्याळात सात मिनिटं झाली होती. चौथ्या कपारीच्या खाली एक गुळगुळीत पट्टा होता, तिथं अण्णा नेहमी घसरायचे. मुलगी तिथं आधीच दोरी खडकाला दोन वेढे देऊन बसून होती. त्रिशलाला बघायचं होतं म्हणून ती मुद्दाम घसरली. दोरी ताणली, धरली गेली, सुटली नाही.

डब्यातून बारीक कुरकुर आली. चिप फुगत होती. पडद्याच्या कडेला चौकोन फुटायला लागले, आधी आकाशात, मग कड्यावर. मुलगी मान वळवून खाली बघत होती, एक हात दोरीवर. पहिला हिसका आला.

दुसरा आला नाही. चित्र गोठलं, आणि मग पडदा काळा झाला.

त्रिशला बटणाकडे वळली नाही. कार्डाचा पंखा आणखी थोडा वेळ फिरत राहिला, मग तोही थांबला. बाहेर अजून उजेड होता. काळ्या काचेत अण्णांची खुर्ची दिसत होती आणि तीत बसलेलं कुणीतरी.

"हात नव्हता भाजला, अण्णा," ती मोठ्यानं म्हणाली. "कार्ड जळालंच नव्हतं."